वेबसाइटचा पन्हा

सोलापूरची गड्ड्याची यात्रा नुकतीच संपली होती, तेव्हाची गोष्ट. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याची नवी वेबसाइट दाखवायला मी मालकांच्या कार्यालयात गेलो होतो. बाहेर यंत्रमागांचा खडखडाट चालू होता आणि आत टेबलावर त्याच आठवड्यात आणलेला २७ इंची मॉनिटर मांडलेला होता. मी मुखपृष्ठ उघडले. रंग, छायाचित्रे, मजकूर यांपैकी कशावरही न बोलता मालकांनी स्क्रीनच्या डाव्या आणि उजव्या कडेवर बोट ठेवले आणि म्हणाले, "दोन्ही बाजूला एवढी जागा मोकळी का सोडलीय ओ? एवढा पन्हा आमच्या मागावर वाया घातला, तर महिन्यात दिवाळं निघेल."

त्यांचा प्रश्न कापडवाल्याचा होता, पण वेबसाइटी बनवायला नुकतीच सुरुवात केलेली मुलेही मला जवळजवळ तेच विचारतात, फक्त शब्द वेगळे असतात: "सर, डिझाइन कोणत्या रिझोल्यूशनला करायचं?" वस्तू हाती घेण्याआधी तिची रुंदी ठरलेली असते, असे दोघेही धरून चाललेले असतात. मागावर ते खरेच आहे. फणीची रुंदी आणि ताण्याच्या धाग्यांची संख्या ठरली की कापडाचा पन्हा ठरला. मग ते कापड सोलापुरात विकले जावो की सुरतेत, त्याच्या रुंदीत फरक पडत नाही. वेबसाइटचा पन्हा मात्र ती पाहणारा माणूस ठरवतो, आणि तोही दर वेळी नव्याने. म्हणून एखादे रिझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवरच्या आडव्या आणि उभ्या ठिपक्यांची (पिक्सेलांची) संख्या, निवडून त्यासाठी डिझाइन करणे मी सोडून दिले आहे. मी दोनच मर्यादा ठरवतो: कमीत कमी किती रुंदीत पान शाबूत राहिले पाहिजे, आणि किती रुंदीनंतर त्याने ताणायचे थांबवायचे. या मतापर्यंत यायला मला बरीच वर्षे लागली, आणि ते पक्के व्हायला एक दरपत्रक खर्ची पडले. त्याबद्दल पुढे लिहितो.

मी हे काम शिकलो तेव्हा प्रश्नाला सरळ उत्तर होते. नवी पेठेतल्या नेट कॅफेत भल्यामोठ्या पाठीचे मॉनिटर असत, त्यांवर ८०० × ६०० हे रिझोल्यूशन लावलेले असे, आणि स्क्रोलबार व खिडकीच्या कडा वजा करून आम्ही ७६० पिक्सेल रुंदीचा तक्ता आखून त्यात सारे पान कोंबत असू. पानाच्या तळाशी "ही वेबसाइट ८०० × ६०० मध्ये उत्तम दिसते" अशी ओळ लिहिण्याची तेव्हा रीत होती. आपण गिऱ्हाइकालाच त्याचा स्क्रीन बदलायला सांगत आहोत, हे कुणाच्या मनातही येत नसे. पुढे १०२४ × ७६८ सर्रास झाले आणि ७६० ची जागा ९६० ने घेतली. हा आकडा मला आजही आवडतो. १०२४ मधून स्क्रोलबार आणि कडा काढल्या तरी तो आरामात बसतो, शिवाय २, ३, ४, ५, ६, ८, १०, १२ आणि १६ या सगळ्यांनी त्याला निःशेष भाग जात असल्यामुळे पानाचे हवे तितके समान स्तंभ पाडता येतात. कित्येक वर्षे मी डोळे मिटून ९६० ची चौकट आखत होतो.

२००७ मध्ये पहिला आयफोन आला. त्याचा स्क्रीन ३२० × ४८० पिक्सेलचा होता, पण तेव्हाच्या वेबसाइटी त्या रुंदीसाठी बनलेल्याच नसल्यामुळे त्यातला सफारी ब्राउझर आपली रुंदी ९८० पिक्सेल असल्याचे पानाला भासवत असे आणि मग ते अख्खे पान आकसून दाखवत असे. फोनच्या रुंदीत बसायला पान तयार असेल, तर तसे कळवणारी व्ह्यूपोर्टची मेटा ओळ ॲपलनेच आणली. ती लिहायची विसरली, की आजही फोन मुंगीएवढ्या अक्षरांचे पान समोर ठेवतो. मे २०१० मध्ये वेब डिझायनर ईथन मार्कॉट यांनी 'अ लिस्ट अपार्ट' या ऑनलाइन मासिकातील लेखात लवचीक आखणी, लवचीक चित्रे आणि मीडिया क्वेरी (स्क्रीनची रुंदी पाहून मांडणी बदलण्याची सोय) या तिन्हींची सांगड घातली आणि त्या पद्धतीला 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' असे नाव दिले. पुढच्याच महिन्यात आयफोन ४ बाजारात आला, आणि रिझोल्यूशन या शब्दावरचा माझा उरलासुरला विश्वास उडाला.

त्या फोनचा स्क्रीन ६४० × ९६० पिक्सेलचा होता, म्हणजे उभे आणि आडवे दोन्हीकडे ठिपके दुप्पट झाले होते. पण ब्राउझरला रुंदी विचारली तर तो पूर्वीप्रमाणेच ३२० सांगे. स्क्रीनवरचे खरे ठिपके वेगळे आणि सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी सांगणाऱ्या भाषेत, आपण लिहितो तो पिक्सेल वेगळा, हे तेव्हा पक्के समजून घ्यावे लागले. सीएसएसचा पिक्सेल हे डोळ्याच्या हिशेबाने ठरवलेले माप आहे: इंचाला ९६ ठिपके असलेला पडदा हाताच्या अंतरावर ठेवला, तर त्यावरचा एक ठिपका जेवढा दिसेल तेवढे. फोनचे ठिपके याहून कितीतरी बारीक असल्याने एका सीएसएस पिक्सेलच्या रुंदीत त्याचे दोन, कधी तीन ठिपके मावतात.

हे सांगून पटत नाही, म्हणून मी नवशिक्या मुलांना गणित करायला लावतो. खोक्यावर १०८० × २४०० असे छापलेले तीन फोन घ्या. एकाचा गुणक, म्हणजे एका सीएसएस पिक्सेलच्या रुंदीत मावणारे ठिपके, ३ असेल तर ब्राउझरच्या वाट्याला ३६० पिक्सेल येतात, दुसऱ्याचा २.७५ असेल तर सुमारे ३९३, आणि तिसऱ्याचा २.६२५ असेल तर सुमारे ४११. खोक्यावरचा आकडा एक आणि पन्हे तीन! त्यात फोन वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये जाऊन डिस्प्लेचा आकार वाढवला असेल, तर हे आकडे आणखी खाली उतरतात. माझ्या वडिलांनी तसा तो वाढवून घेतला आहे, आणि त्यांच्या चांगल्या मोठ्या फोनवर ब्राउझर जेमतेम ३२० च्या आसपास रुंदी दाखवतो.

लॅपटॉपवर याहून गमतीचा प्रकार होतो. त्या कारखान्यातील हिशेबनिसांच्या जुन्या लॅपटॉपचे रिझोल्यूशन १३६६ × ७६८ आहे आणि मालकांच्या मुलाच्या नव्या लॅपटॉपचे १९२० × १०८०. मुलाला पान जास्त रुंद दिसत असणार, असे कुणीही म्हणेल. पण लहान स्क्रीनवर अक्षरे बारीक होऊ नयेत म्हणून त्याच्या विंडोजमध्ये १५० टक्के स्केल लावलेले आहे, त्यामुळे ब्राउझरला मिळतात १२८० × ७२०. महागड्या लॅपटॉपवर जुन्यापेक्षा ८६ पिक्सेल कमी. स्केल १२५ टक्के असते, तर १५३६ मिळाले असते. हिशेबनीस ज्या दिवशी चष्मा घरी विसरतात त्या दिवशी ब्राउझरचा झूम १५० टक्क्यांवर नेतात, आणि त्यांच्या १३६६ चे सुमारे ९१० होतात. मग वरचा मेनू जाऊन त्या जागी तीन रेघांचे बटण येते, आणि "वेबसाइट बदलली काय ओ?" म्हणून मला फोन येतो.

उंचीचे दुखणे रुंदीएवढे मोठे नाही, तरी एक सांगतो. ७६८ मधून टास्कबार, टॅबची पट्टी आणि ॲड्रेस बार वजा केले की पानाला सहाशे-साडेसहाशे पिक्सेल उरतात. त्यात स्क्रीनभर पसरलेले छायाचित्र आणि त्याखाली 'चौकशी करा' हे बटण ठेवले, तर गिऱ्हाइकाला टॉवेलची सुरेख घडी दिसते आणि बटण दिसत नाही. फोनवर तर वेबसाइटचा दुवा बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरून उघडला जातो, ॲड्रेस बार खाली-वर होतो तशी उंची बदलते, आणि पूर्ण उंचीचे म्हणून केलेले चित्र नको तिथे कापले जाते. म्हणून अशी चित्रे मी टाळतो, आणि कुणी हट्टच धरला तर ती लहानात लहान उंचीला धरून बसवतो.

आकडेवारी पाहून रिझोल्यूशन ठरवावे, असा सल्ला दिला जातो. मी ती पाहतो, पण बेताने. जगभराचे तक्ते पाहून आपल्या टॉवेलच्या ठोक गिऱ्हाइकांबद्दल फारसे काही कळत नाही. आणि स्वतःच्या वेबसाइटची आकडेवारी असली, तरी तिच्यातला रिझोल्यूशनचा रकाना स्क्रीनचा आकार सांगतो, खिडकीचा नव्हे. मोठ्या मॉनिटरवर अर्ध्या भागात हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि अर्ध्या भागात ब्राउझर उघडून बसलेला माणूस त्या रकान्यात १९२० म्हणूनच मोजला जातो. नोंद ठेवायचीच असेल तर खिडकीच्या रुंदीची ठेवावी. फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी फ्रेम उघडताना मात्र रुंदी द्यावीच लागते. तिथे मी ३६० आणि १२८० अशा दोन फ्रेम घेतो, आणि हे केवळ दोन नमुने आहेत, मधल्या रुंदीतली दृश्ये ब्राउझरमध्ये पाहू, असे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवतो. न सांगितल्यास तो त्या दोन चित्रांनाच वेबसाइट समजतो.

आता त्या दरपत्रकाबद्दल. मालकांच्या कार्यालयातली बैठक पार पडली, वेबसाइट सुरू झाली, आणि आठवड्याभरात त्यांचा फोन आला: "सगळे रेटच विचारायलेत. साइटवर टाकलाय म्हणालात ना?" दर टाकलेले होते. मालाचा क्रमांक, इंचातला आकार, जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅममधले वजन), किमान मागणी आणि दर अशा पाच स्तंभांचा नीटनेटका तक्ता मी केला होता, आणि तो माझ्या स्वतःच्या फोनवर तपासलाही होता. पण माझ्या फोनची रुंदी ४१२ पिक्सेल आहे. त्यात शेवटचा स्तंभ कसाबसा मावत होता. ३६० च्या फोनवर तो उजव्या कडेच्या बाहेर गेला होता. एरवी तक्ता बोटाने आडवा सरकवून दर पाहता आला असता, पण बैठकीच्या आदल्या रात्री पान डावीकडे-उजवीकडे हलते आहे असे वाटून मी आडवा ओव्हरफ्लो, म्हणजे कडेबाहेर जाणारा भाग, सरसकट लपवून ठेवला होता. म्हणजे '३० × ६०, ४५० जीएसएम, किमान ५० डझन' इथपर्यंत सगळे स्पष्ट दिसत होते, आणि ज्यासाठी माणूस पान उघडतो तेवढेच नाहीसे झाले होते. रुंदीतल्या ५२ पिक्सेलांचा हा फरक. दोष पूर्णपणे माझा होता, आणि मी तो मालकांकडे कबूलही केला.

तेव्हापासून माझी खालची मर्यादा ३२० आहे. आज ३२० रुंदीचे नवे फोन क्वचितच दिसतात, मग एवढे खाली कशाला, असे मला विचारले जाते. एक कारण वडिलांच्या फोनचे, ते वर आलेच आहे. दुसरे कारण झूमचे. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.१ या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत असे सांगितले आहे की ३२० सीएसएस पिक्सेल रुंदीतही मजकूर आडवा सरकवावा न लागता वाचता आला पाहिजे. हा आकडा फोनवरून आलेला नाही. १२८० पिक्सेलच्या खिडकीत ४०० टक्के झूम केला, की रुंदी बरोबर ३२० उरते. कमी दिसणारा माणूस संगणकावर नेमके हेच करतो. त्याच तत्त्वांत तक्त्यांना सूट दिलेली आहे, पण दरपत्रकाने पोळल्यावर ती सूट घ्यायला मी तयार नाही.

दोन मर्यादांच्या मध्ये पान कुठे वळवायचे, म्हणजे ब्रेकपॉइंट कुठे घ्यायचे, हे मी यंत्रांच्या नावावरून ठरवत नाही. फोनसाठी ४८०, टॅबलेटसाठी ७६८, लॅपटॉपसाठी १०२४ असे आकडे पाठ करून ठेवण्याची सवय मलाही होती. आता मी ब्राउझरची खिडकी ३२० वर आणतो आणि तिची कड धरून हळूहळू रुंद करत नेतो. जिथे ओळी विनाकारण लांब वाटू लागतात, दोन वस्तू शेजारी मावतील एवढी जागा रिकामी पडते, किंवा मेनूतले शब्द एकमेकांना खेटतात, तिथे ब्रेकपॉइंट. या कारखान्याच्या वेबसाइटला असे तीनच लागले, आणि त्यांतला एकही गोल आकडा नाही. उत्पादनाच्या कार्डासारख्या सुट्या तुकड्यांसाठी मी आता कंटेनर क्वेरी वापरतो. २०२३ पासून त्या सगळ्या प्रमुख ब्राउझरांत चालतात, आणि कार्ड खिडकीची रुंदी न पाहता ज्या कप्प्यात बसले आहे त्याची रुंदी पाहून आपली मांडणी बदलते.

मराठी मजकुराच्या बाबतीत इंग्रजी नमुन्यांवरून उचललेले आकडे फसवतात. ओळीची लांबी मोजायला सीएसएसमध्ये 'सीएच' हे एकक आहे, पण ते इंग्रजी आकड्यांतल्या शून्याच्या (0) रुंदीवर बेतलेले असल्याने देवनागरीत किती अक्षरे बसतील याचा अंदाज त्यावरून बांधता येत नाही. ओळींमधले अंतर १.२ ठेवले, तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार व मात्रा एकमेकांच्या अंगावर येतात, मी १.७ च्या खाली जात नाही. अक्षरांमधले अंतर वाढवून मथळा पसरट करण्याची हौस तर देवनागरीत करूच नये, कारण शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि 'सोलापूर' हा शब्द दात पडल्यासारखा दिसतो. आमच्या गावात आणखी एक पेच असतो. इथे मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि हिंदीही रोजच्या वापरात आहेत, आणि कारखानदार हौसेने दोन-तीन भाषांत वेबसाइट मागतात. तेलुगू आणि कन्नडमध्ये प्रत्यय लागत लागत शब्द लांब होत जातात. मराठीतले 'चौकशी करा' ज्या बटणात ऐसपैस बसते, तिथे त्या भाषांतला मजकूर दोन ओळींवर जातो. म्हणून बटणाची रुंदी मी ठरवून देत नाही. मजकूर आणि त्याभोवतीची जागा ती ठरवते.

राहिला मालकांचा प्रश्न. त्या दिवशी मी त्यांना पिक्सेलचे गणित सांगण्याऐवजी विचारले, "मालक, कापडाला किनार कशाला ठेवता?" ते म्हणाले, "किनार नसली तर उसवंल की." उपमा तंतोतंत लागू पडत नाही, हे मला ठाऊक आहे, पण तिने पुढचे बोलणे सोपे केले. मग मी त्यांच्यासमोरच रुंदीची मर्यादा काढून टाकली आणि कारखान्याच्या इतिहासाचा परिच्छेद १९२० पिक्सेलभर पसरू दिला. एकेका ओळीत दीडशेहून अधिक अक्षरे आली. मालक मोठ्याने वाचू लागले, उजव्या टोकाला पोहोचले, आणि परत डावीकडे येताना दोनदा चुकीच्या ओळीवर उतरले. त्यानंतर मजकुराच्या स्तंभाला साठ-सत्तर अक्षरांची मर्यादा घालायला त्यांनी हरकत घेतली नाही.

मात्र विकत घेतलेल्या मॉनिटरचे पैसे वसूल व्हायला हवेत, हा त्यांचा आग्रह मला चुकीचा वाटत नाही. रुंदीची मर्यादा मजकुराला हवी, चित्रांना तेवढी कडक नको. म्हणून टॉवेलांच्या छायाचित्रांची जाळी आम्ही कडेपासून कडेपर्यंत पसरू दिली. प्रत्येक चित्राने किमान २२० पिक्सेल घ्यावेत आणि उरलेली जागा सर्वांनी वाटून घ्यावी, एवढाच नियम. फोनवर एक स्तंभ, लॅपटॉपवर पाच आणि मालकांच्या मॉनिटरवर आठ असे ते आपोआप होते, त्याला ब्रेकपॉइंटही लागत नाही. छायाचित्रांनी मात्र वेळ घेतला. टॉवेलच्या फासांचा आणि जकार्डच्या नक्षीचा पोत इतका बारीक असतो, की मोठे चित्र ब्राउझरने लहान करून दाखवले तर त्यावर नसलेल्या लाटा आणि पट्टे उमटतात, आणि मालात दोष असल्यासारखा दिसतो. शेवटी प्रत्येक छायाचित्राच्या ४८०, ९६० आणि १६०० पिक्सेल रुंदीच्या तीन प्रती नीट लहान करून ठेवल्या आणि कोणती घ्यायची हे ब्राउझरवर सोपवले. त्यामुळे ३६० च्या फोनला १६०० ची जड प्रतही उतरवून घ्यावी लागत नाही.

दरपत्रकाचा तक्ता आता रुंद खिडकीत तक्ताच राहतो, आणि खिडकी ५७० पिक्सेलच्या खाली गेली की प्रत्येक ओळीचे एक छोटे कार्ड होते: वरच्या ओळीत डावीकडे आकार आणि उजवीकडे ठळक अक्षरांत दर, खाली बाकीचे तपशील. वडिलांच्या फोनवर ते मी स्वतः पाहिले, आणि मगच मालकांना कळवले. रेट विचारणारे फोन आता थांबले आहेत, असे ते परवा सांगत होते. आता फोन येतात ते रेट कमी करून मागायला.